तीस पॉइंट शून्य

१

शुक्रवारी सकाळी नोंग पाबलिंगने तीन नंबरच्या टाकीवरचं कापड बाजूला केलं आणि तो तिथेच उकिडवा बसला. हवेचे पंप चालू होते, बुडबुडे येत होते, पण पाण्यात हालचाल नव्हती. कोळंबीची बारा लाख पिल्लं तळाशी बसली होती. पांढुरका थर, दळलेल्या तांदळासारखा.

नोंग पाबलिंग चौदा वर्षं त्या हॅचरीत टाक्या सांभाळत होता. तो मालकिणीला हाक मारायला गेला नाही. टाकीच्या कडेला बसून राहिला. शेवटी मालकीणच त्याला शोधत आली.

मालकीण म्हणजे नांग सोलेदाद तिरादोर. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नांग म्हणतात, पुरुषाला नोंग. नवरा समुद्रावर गेल्यापासून तिने एकटीने ही हॅचरी उभी केली होती. किनाऱ्यावरची चाळीस तळी तिच्या पिल्लांची वाट बघत होती. ती पाण्याकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काल टाकीत काय घातलं?"

"बुरशीचं औषध, नांग. दर गुरुवारी घालतो तेच."

"किती?"

"चिठ्ठीत होतं तेवढंच. तीस."

औषधाची शंभर मिलीची बाटली गुरुवारीच फोडलेली होती. तिच्यात आता सत्तर मिली उरलं होतं. एरवी त्या टाकीला अडीच मिली पुरतं. आणि ज्या खिळ्याला औषधाची चिठ्ठी लावतात, तो खिळा रिकामा होता.

दुपारपर्यंत गावभर झालं की प्रयोगशाळेतल्या सेल्दाने टाकीत विष ओतलं.

२

मी वेनान्सियो. आमच्या बारांगायच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, कचेरीत सेक्रेटरी आहे. वस्तीतले तंटे पोलिसात जाण्याआधी आमच्या समेट समितीपुढे येतात आणि त्यांची टिपणं मी लिहितो. कुंपणाची भांडणं, कोंबड्यांची भांडणं, दारू पिऊन केलेली शिवीगाळ. बारा लाख जीव मेल्याचं प्रकरण माझ्या वहीत पहिल्यांदाच आलं.

नांग सोलेदाद बारांगायच्या प्रमुखासमोर, कपितानसमोर, बसली होती. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तिचं बोलणं जास्तच लागत होतं.

"सेल्दाने माझ्याकडे गुरुवारची सुट्टी मागितली. मी नाही म्हटलं. सगळ्यांदेखत मला म्हणाली, 'नांग, एक दिवस तुम्हालाही कळेल.' आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी तीस मिली. तीस, कपितान. साडेएकोणतीस नाही, एकतीस नाही. हिशेबातून असा गोल आकडा येतो का कधी? बाटलीवरची खूण बघून ओतलंय. आणि चिठ्ठीही नाहीशी केलीय."

"तिचं काय म्हणणं आहे?" कपितानने विचारलं.

"काही नाही. तोंड उघडत नाही. सोमवारी मी पोलिसात जाणार."

क्रिसेल्दा तोलेंतिनो, आमची सेल्दा, तेवीस वर्षांची. हॅचरीच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची, औषधांची मापं काढायची. महिन्याभराने तिची केमिकल टेक्निशियनची परवाना परीक्षा होती. अंगावर पोलिसकेस असली की त्या परीक्षेला बसता येत नाही. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, नांग सोलेदादलाही.

समितीत कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. एपिफानिया तालाबेरो, रसायनशास्त्राच्या निवृत्त बाई. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं आहे, मीसुद्धा. आम्ही त्यांना अजून मॅम एपिंगच म्हणतो.

"सोलेदाद," त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत मला दे. हिशेबातून गोल आकडा येत नाही असं तू म्हणालीस. मला तेच तपासायचं आहे."

३

शनिवारी सकाळी आम्ही हॅचरीत गेलो. नोंग पाबलिंग रिकामी टाकी घासत होता. मॅम एपिंग उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या.

"चिठ्ठी कुणाच्या हातची होती, पाबलिंग?"

"ते नाही सांगता येणार, मॅम. संध्याकाळी सहाला मी आलो तेव्हा खिळ्याला होती. आकडा, आणि खाली टी."

मी वही मिटली. आमच्या गावात ती सही काहीच सांगत नाही. स्पॅनिश लोकांनी आडनावं वाटली तेव्हा आमच्या वाट्याला एकच अक्षर आलं. तिरादोर, तोलेंतिनो, तालाबेरो, तुमाबोतो. सगळे टी.

"अडीचच्या जागी तीस बघून तुला काही वाटलं नाही?"

त्याने घासणी खाली ठेवली. "वाटलं. दहाची सिरिंज तीनदा भरली, तिसऱ्यांदा हात थांबला माझा. पण बाटली नवी होती, लेबल नवं होतं. म्हटलं, या खेपेला औषध पातळ आलं असेल. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, मॅम. शिकलेल्याने लिहिलेलं मी कसं बदलणार?" त्याने घासणी पुन्हा उचलली. "ओतलं मीच ना. काल घरी जेवण उतरलं नाही."

मॅमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग विचारलं, "तो आकडा जसा लिहिला होता तसा मला सांग. घाई करू नको."

"तीस. तीन, शून्य. मग टिंब. मग आणखी एक शून्य."

"टिंब आणि शून्य? नक्की?"

"नक्की. आधी तीनशेच वाचलं होतं मी. मग टिंब दिसलं."

मॅम माझ्याकडे वळल्या. "वेन, बाटलीच्या खुणेवरून ओतणारा माणूस तीस पॉइंट शून्य लिहील का?"

खरं तर मला प्रश्नच समजला नव्हता.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर मापाचं सूत्र टांगलेलं होतं. पाण्याचं वजन गुणिले औषधाचं प्रमाण, आणि त्याखाली आडवी रेघ. रेघेखाली औषधाचा कस गुणिले औषधाची घनता. मॅमनी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं. बाहेर पडताना नांग सोलेदादचा पुतण्या रेनान्ते तिरादोर समोर आला. हॅचरीची विक्री आणि खाद्याचा साठा तो बघतो. शाळेत तो माझ्याच बाकावर असायचा.

"काही सापडलं का, मॅम?" त्याने विचारलं.

"अजून नाही. गुरुवारी संध्याकाळी तू कुठे होतास, रेनान?"

"खाद्याच्या गोदामात. पोती मोजत होतो."

तो आमच्यासाठी कॉफी सांगायला गेला. मॅमनी कॉफी घेतली नाही.

४

सेल्दाच्या घरी तिची आई दारातच रडायला लागली. सेल्दा आत खिडकीशी बसली होती. पुढ्यात लुगावची वाटी होती. तांदळाच्या पेजेवर साय धरली होती.

"इंदाय, पोरी," मॅम म्हणाल्या, "मी तुला काही विचारायला आले नाही. एक गणित सोडवून दे."

त्यांनी भिंतीवरचं सूत्र आणि आकडे पुढे केले. बारा हजार लिटर पाणी. प्रमाण शून्य पॉइंट एक गुणिले दहाचा उणे सहावा घात. कस शून्य पॉइंट चव्वेचाळीस. घनता एक पॉइंट एक.

सेल्दाने कॅल्क्युलेटर हातात घेतला, पण लगेच दाबला नाही. आधी कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं.

"ते काय?"

"अंदाज, मॅम. एक कोटी वीस लाख ग्रॅम पाणी, दहा लाखात एक दशांश, म्हणजे औषध सव्वा ग्रॅमच्या आसपास. कस निम्म्याहून कमी, म्हणून उत्तर दोन-तीन मिली यायला हवं. त्याच्या बाहेर आलं तर चूक यंत्राची नाही, माझ्या बोटांची."

मग तिने कळा दाबल्या. रेघेखालचे दोन आकडे दाबण्याआधी तिने कंस उघडला आणि मग मिटला. उत्तर आलं दोन पॉइंट चार आठ. "अडीच," ती म्हणाली. "दर गुरुवारी अडीच."

"मग या गुरुवारी?"

तिने वाटी बाजूला सरकवली. "मी बोलणार नाही, मॅम."

"तू तिथे नव्हतीस. बरोबर?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"कुणाला शब्द दिलायस?"

"ज्याला दिलाय तो स्वतःच बोलेल," सेल्दा म्हणाली. "मी दोन दिवस त्याचीच वाट बघतेय."



५

रविवारी मिसा आटोपून मॅम एपिंग माझ्या घरी आल्या. बायकोने पान दे सालचे पाव आणि कॉफी समोर ठेवली. मॅमनी ताटली बाजूला केली आणि तोच कागद माझ्यापुढे सरकवला.

"आता तू कर."

"मी? मॅम, तुम्ही मला चौथ्या प्रयत्नात पास केलं होतं."

"म्हणूनच तू कर. शाळेत केलं असतंस तसं. आणि जी कळ दाबशील तिचं नाव घे."

मी मुलीचा कॅल्क्युलेटर आणला. बोलत बोलत दाबत गेलो. "बारा आणि पुढे सहा शून्यं. गुणिले शून्य पॉइंट एक. गुणिले दहा. एक्स्प. उणे सहा. भागिले शून्य पॉइंट चव्वेचाळीस. गुणिले एक पॉइंट एक. बरोबर."

पडद्यावर आकडा आला. माझा हात हवेतच राहिला.

तीस.

"मॅम," मी म्हणालो, "हा तर..."

"हो." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "एक्स्प ही कळ म्हणजेच 'गुणिले दहाचा घात', वेन. तिच्या आत ते दहा असतातच. तू त्याआधी आणखी एकदा गुणिले दहा दाबलंस. औषध दसपट झालं. आणि रेघेखालच्या दोन आकड्यांना कंस घातला नाहीस. यंत्राला रेघ दिसत नाही. एक पॉइंट एकने भागायचं होतं, त्याने गुणलं. दोन चुका एकमेकींवर बसल्या आणि बरोब्बर तीस आले. गोल आकडा हिशेबातूनच आलाय. कुणीही विष ओतलेलं नाही."

मला हायसं वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसेना.

"सेल्दाची बोटं या वाटेने जात नाहीत, ते काल आपण पाहिलं," त्या म्हणाल्या. "पाबलिंग यंत्राला हात लावत नाही. तू माझ्या कितव्या वर्गातला?"

"ब्याण्णवचा."

"रेनान्ते?"

"तोही. आम्ही एकाच बाकावर." बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोललो ते. "पण मॅम, ही चूक कुणीही करेल. मीसुद्धा केली. तेवढ्यावरून एखाद्याचं नाव कसं घ्यायचं?"

"नाही घेता येणार. तुझ्या पडद्यावर काय आलंय ते पुन्हा वाच."

"तीस."

"पाबलिंगने काय वाचलं होतं?"

माझ्या पडद्यावर टिंब नव्हतं. पुढचं शून्यही नव्हतं.

"उद्या सगळ्यांना आपापले कॅल्क्युलेटर घेऊन यायला सांग," मॅम म्हणाल्या. "कपितानला सांग, मला टेबल मोठं लागेल."

६

सोमवारी कचेरीत आम्ही आठ जण होतो आणि दाराबाहेर पन्नास. नांग सोलेदाद काळा पोशाख घालून आली होती. सेल्दा आईच्या शेजारी. नोंग पाबलिंग भिंतीला टेकून उभा. रेनान्ते काकूच्या मागच्या खुर्चीवर.

मॅमनी आधी रविवारचं गणित सर्वांना समजावून दिलं. नांग सोलेदादने दोनदा थांबवून पुन्हा विचारलं आणि स्वतः कळा दाबून तीस आणून पाहिले. मग ती बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली.

"म्हणजे मुद्दाम नाही," ती म्हणाली.

"मुद्दाम नाही."

"पण चूक हिचीच. चिठ्ठ्या हीच लिहिते."

"ते आता बघू." मॅमनी तीन कॅल्क्युलेटर टेबलावर ओळीने मांडले. माझा, सेल्दाचा, रेनान्तेचा. "सोलेदाद, तिन्हींवर पंधरा अधिक पंधरा कर. आणि दिसेल तसंच वाच. कमी नाही, जास्त नाही."

नांग सोलेदादने माझा घेतला. "तीस."

सेल्दाचा. "तीस."

तिसरा घेतला. कळा दाबल्या. तिने वाचलं नाही. ओठ हलले फक्त.

"मोठ्याने," मॅम म्हणाल्या.

"तीस पॉइंट शून्य."

नोंग पाबलिंगने मान खाली घातली.

"खाद्याची पोती मोजताना किलोपुढे एकच आकडा लागतो," मॅम शांतपणे बोलत होत्या. "म्हणून या यंत्राला सांगून ठेवलंय की टिंबापुढे नेहमी एक आकडा दाखव, मग तो शून्य असला तरी. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याने पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवला. सेल्दाच्या यंत्रावर तो तसा येऊच शकत नाही. हे यंत्र रेनान्तेचं आहे."

रेनान्तेकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं नाही. आधी सेल्दाने पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती अजूनही वाटच बघत होती.

"मी तिला जायला सांगितलं," रेनान्ते म्हणाला. "परीक्षेचा अर्ज भरायचा गुरुवार शेवटचा होता. काकू सोडत नव्हती. तीनच्या जीपनीने ती शहरात गेली. मी म्हटलं, संध्याकाळचं मी बघतो, काकूला मात्र कळू देऊ नकोस. पाण्याची पातळी पाहिली, भिंतीवर बघून गणित केलं, चिठ्ठी लावली. शुक्रवारी टाकी बघितली आणि..." तो थांबला. "चिठ्ठी काढून खिशात घातली. मग फाडली."

"तीन दिवस," नांग सोलेदाद म्हणाली. "तीन दिवस तू माझ्यासमोर जेवत होतास. या पोरीबद्दल मी काय काय बोलले, ते ऐकत होतास."

"सांगणार होतो, काकू."

"कधी? ती तुरुंगात गेल्यावर?"

रेनान्ते एकदम मॅमकडे वळला आणि त्याचे डोळे भरून आले. "मॅम, पण तुम्हीच शिकवलं होतं. जसं वाचता तसं दाबा. गुणिले दहाचा घात, म्हणून गुणिले, दहा, मग घाताची कळ. मी अगदी तसंच दाबलं."

मला ते वाक्य आठवलं. फळ्यावर खडूने काढलेला कॅल्क्युलेटर, त्यावरच्या चौकोनी कळा, आणि मॅमचा आवाज. तेव्हा शाळेत चाळीस पोरांमागे एकच यंत्र होतं, तेही मुख्याध्यापकांच्या कपाटात. आम्ही फळ्यावरच बोटं फिरवायचो.

मॅम एपिंग उठून उभ्या राहिल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या बाई, टेबलाचा आधार न घेता.

"शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "ते यंत्र मी स्वतःसुद्धा नीट हाताळलेलं नव्हतं. चार वर्षं तसंच शिकवलं; ब्याण्णवनंतर ते माझ्या हातात आलं तेव्हा चूक कळली. पुढच्या वर्गांना मी बरोबर शिकवलं. सेल्दाला बरोबर शिकवलं. पण जे आधी बाहेर पडले होते, त्यांना शोधून सांगायला मी गेले नाही. लाज वाटली. सोलेदाद, तुझ्या बारा लाखांतले निम्मे माझ्या नावावर लिही."

मग त्या रेनान्तेकडे वळल्या.

"आकडा चुकला त्यात मी आहे, रेनान. चिठ्ठी फाडलीस त्यात मी नाही."

तो खाली बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं.

७

पोलिसात कुणी गेलं नाही. नांग सोलेदाद त्याच संध्याकाळी सेल्दाच्या घरी गेली आणि दारात उभी राहून, सगळे शेजारी ऐकत असताना, माफी मागितली. कामावर परत ये म्हणाली. सेल्दाने तिला आत बोलावलं, कॉफी दिली आणि सांगितलं की ती परीक्षा झाल्यावर विचार करेल. रेनान्ते दुसऱ्या दिवशी गेला. सेल्दाने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"माफ केलं असं आत्ता म्हटलं तर ते खोटं होईल, नोंग," ती त्याला म्हणाली. "मी तुमच्यासाठी गप्प बसले, ते मला सोपं गेलं नव्हतं."

हे तिनेच मला नंतर सांगितलं.

मॅम एपिंगनी शाळेकडून ब्याण्णवपर्यंतच्या चार वर्षांची हजेरीपुस्तकं मागवून घेतली. माझ्याबरोबर बसून एकेका नावापुढे खूण केली. कुणी सौदीत, कुणी जहाजावर, सहा जण वारलेले. गावात आणि आसपास उरलेल्यांना मी निरोप दिले. शनिवारी दुपारी, जुन्या वर्गात, येताना कॅल्क्युलेटर आणा.

मला वाटलं होतं पाच-सहा येतील. एकवीस आले. ट्रायसिकल चालवणारा, बर्फाच्या कारखान्यातला, दोन शिक्षिका, आणि आरोग्य केंद्रातली नर्स लुदिविना. लुदिविनाला बघून मॅमचा चेहरा पडला. ती अठरा वर्षं पोरांना इंजेक्शनं देत होती.

त्यांनी तिलाच आधी पुढे बोलावलं. गणित दिलं. लुदिविनाने कळा दाबल्या, कंस उघडला, मिटला. दोन पॉइंट चार आठ.

"नर्सिंगच्या पहिल्याच महिन्यात तिथल्या बाईंनी माझी चूक पकडली होती, मॅम," ती म्हणाली. "तेव्हापासून मी आधी अंदाज करते."

मॅम खुर्चीवर बसल्या. रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत, नुसताच हातात धरला. मग त्यांनी एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

रेनान्ते सर्वांत मागे बसला होता. येईल असं मला वाटलं नव्हतं. त्याचं नाव आलं तेव्हा तो उठून टेबलापाशी गेला. वर्गातल्या प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं. कंस घातला, पण सवयीने पुन्हा ते दहा मध्ये आले. चोवीस पॉइंट आठ.

कुणी हसलं नाही. ट्रायसिकलवाल्याने घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा नजर समोर वळवली.

"पुन्हा कर," मॅम म्हणाल्या. "सावकाश. आम्ही थांबतो."